वेटिंगवरचं पान

टीसी अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढतात, मग चष्मा पुसतात आणि मग चोरी करतात.

चोरी नेहमी एकाच वस्तूची, पानाची. गॅलरीत, जिन्यात, खिडकीत, जिथं कुठं जाड, गुबगुबीत पानांचं झाड असेल, ज्याला हल्ली सगळे सक्युलंट म्हणतात, तिथं अण्णा गप्पा मारत उभे राहतात. बोलणं उन्हाचं, नाहीतर नळाला पाणी कधी येणार याचं. नजर समोरच्या माणसाच्या तोंडावर. उजवा हात मात्र पाठीमागून कुंडीत गेलेला असतो. अगदी खालचं पान अंगठा आणि बोट यांच्यात धरायचं, जरासं डावीकडे वळवायचं, जरासं उजवीकडे, की ते बुडासकट सुटून येतं. बूड झाडालाच राहिलं तर पान वाया गेलं. मग हात खिशात जातो आणि डब्याचं झाकण लागल्याचा बारीक आवाज येतो. तोवर यजमान नळाच्या पाण्याविषयी तावातावानं बोलत असतो.

हा डबा पितळी आहे. अण्णा पूर्वी त्यात विड्याची पानं ठेवत. डॉक्टरांनी पान बंद करायला लावलं तेव्हा चुना, कात, सुपारी गेली, पण डबा खिशातून गेला नाही. आता सुपारीच्या कप्प्यात टपोरी पानं, चुन्याच्या डबीत अगदी बारीक, मण्यांसारखी पानं आणि काताच्या कप्प्यात, अण्णांच्या भाषेत, “शंकास्पद केसी” असतात.

त्यांचं पूर्ण नाव भीमाशंकर बिराजदार. मूळ गाव अक्कलकोटच्या बाजूचं. बत्तीस वर्षं त्यांनी रेल्वेत तिकिटं तपासली, कुर्डुवाडीपासून होटगीपर्यंतचा पट्टा पायाखाली घातला. आमच्या वसाहतीत त्यांच्या सचोटीची एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी सख्ख्या मेहुण्याला विनातिकीट पकडून कुर्डुवाडीला खाली उतरवलं होतं. मेहुणा लग्नाला निघाला होता. लग्न अण्णांच्याच घरचं होतं.

असा माणूस चोरी करतो कशी, हे मी त्यांना एकदा विचारलं. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तकं पळवणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली, पण त्यांच्यापैकी कुणी आधी चष्मा पुसत नसे. अण्णा शांतपणे म्हणाले, “मागून आणलेलं पान लागत न्हाय सर. चोरलेलं लागतंय.”

हा समज आमच्याकडे पुष्कळांचा आहे. फरक इतकाच, की बाकीचे तो हसत सांगतात आणि अण्णा कलमासारखा सांगतात. त्याला त्यांनी पोटकलमंही जोडलेली आहेत. नर्सरीतून घ्यायचं नाही, कारण तिथं त्या माणसाचं पोट आहे. एका झाडाचं एका दिवशी एकच पान. तेही खालचं, जे झाड स्वतःच चार दिवसांनी टाकणार असतं. आणि सगळ्यात कडक कलम असं, की त्या पानाचं रोप झालं की वर्षाच्या आत ते मूळ मालकाच्या घरी गुपचूप नेऊन ठेवायचं. मालकाला कळता कामा नये. कळलं तर ती भेट झाली, आणि भेट दिली की पुढच्या खेपेला पान लागत नाही.

“चोरी करताना मला आजपतुर कुणी धरलं न्हाय,” अण्णा म्हणतात. “परत करताना लई तरास हाय.”

तो त्रास एकदा साऱ्या बँकेला झाला. अण्णांची पेन्शन ज्या बँकेत जमा होते तिथल्या साहेबांच्या टेबलावर एक छोटं झाड होतं. हयातीचा दाखला द्यायला गेले असताना अण्णांनी त्याचं पान उचललं आणि दहा महिन्यांनी, साहेब जेवायला गेलेले पाहून, तयार रोप टेबलाच्या कडेला ठेवून आले. ठेवलं ते दह्याच्या डब्यात, आणि डबा वाटेत फुटू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेला. साहेब जेवून आले तर टेबलावर सुतळीनं बांधलेलं पुडकं. पाच मिनिटांत सगळी बँक बाहेरच्या चहाच्या गाड्यापाशी उभी होती. रखवालदारानं पडदा सरकवायच्या लांब काठीनं ते पुडकं इंच इंच ढकलत दारापर्यंत आणलं. अण्णा गर्दीतच होते. ज्या माणसानं फलाटावर बत्तीस वर्षं बेवारस वस्तूंना हात लावू नका ही घोषणा ऐकली, त्याच्या स्वतःच्या वस्तूला आता कुणी हात लावत नव्हतं. शेवटी पुडकं उंबऱ्यावरून पडलं, कागद फाटला आणि आतून चार इंची झाड बाहेर डोकावलं. लोक हसले, साहेब ओशाळले. अण्णांनी पुढे होऊन माती गोळा केली, रोप नीट बसवलं आणि साहेबांना सांगितलं, “पंधरा दिवस पाणी घालू नका. घाबरलंय ते.”

दातांच्या दवाखान्यातला प्रसंग त्याहून अवघड होता. दाढ काढून अण्णा बाहेर आले ते तोंडात कापूस घेऊन, आणि बाहेरच्या काउंटरवर कुंडी. सवयीनं हात गेला. तिथल्या मुलीनं पाहिलं आणि विचारलं, मुठीत काय आहे. अण्णांना बोलता येईना. त्यांनी दुसरी मूठ उघडून दाखवली. तिच्यात कागदात बांधलेली त्यांचीच दाढ होती. ती मुलगी परत कधी त्यांच्याशी बोलली नाही. घरी आल्यावर अण्णांनी गुंगीत डब्यातला आणि मुठीतला सगळा माल रेतीवर मांडला आणि झोपले. दुसऱ्या दिवशी शेजारचे पाहायला आले, तर ट्रेमध्ये ओळीनं सोळा पानं आणि सतरावी दाढ.

त्या ट्रेविषयी सांगायला हवं, कारण अण्णांचं खरं राज्य तिथं आहे. त्यांच्या खिडकीत तीन ट्रे असतात. तिन्हींवर खडूनं लिहिलेलं असतं: वेटिंग, आरएसी, कन्फर्म.

चोरून आणलेलं पान आधी चार दिवस सावलीत नुसतं पडून राहतं, तुटलेली जागा वाळून बंद होईपर्यंत. मग ते जाड रेती आणि विटेचा चुरा यांच्यावर आडवं ठेवायचं. पुरायचं नाही, पाणी घालायचं नाही. हे वेटिंग. कित्येक आठवडे काहीही होत नाही. मग एखाद्या सकाळी पानाच्या बुडाशी गुलाबी दोऱ्यासारखी मुळं दिसतात. ते पान आरएसीत जातं, आणि फवाऱ्याचे दोन तुषार त्याच्या नशिबी येतात. मुळांच्या शेजारी खसखशीच्या दाण्याएवढं रोप दिसलं की कन्फर्म. मूळ पान हळूहळू सुरकुततं आणि वाळतं. ते ओढून काढायचं नाही, आपणहून गळेपर्यंत थांबायचं. कन्फर्म झालेल्यांना दह्याच्या डब्यात जागा मिळते. त्या डब्यांच्या बुडाला भोकं पाडायला अण्णा तिकिटाला भोक पाडायचा आपला जुना चिमटा वापरतात. प्रत्येक डब्याच्या तळाशी त्या चिमट्याची ठरावीक आकाराची भोकं असतात. आमच्या वसाहतीत कुणाच्या खिडकीत अचानक रोप आलं, तर लोक आधी डबा उलटा करून पाहतात. सगळ्यांना सगळं माहीत आहे. अण्णांना वाटतं, कुणालाच माहीत नाही.

रोज सकाळी सातला भिंग घेऊन तपासणी होते. सुकलेल्या पानाला ते क्षणभर हातात धरतात, “रद्द” म्हणतात आणि खाली टाकतात. कुणी विचारलं, अण्णा, त्या पानाचं काय झालं, तर एकच उत्तर: “चार्ट लागला न्हाय अजून.”

माझी पत्नी विजया हिला हे उत्तर फार आवडायचं. भाजी झाली का विचारलं, की ती आतून म्हणायची, चार्ट लागला न्हाय अजून.

आमचं घर तळमजल्यावर, खिडकी थेट गल्लीत. खिडकीच्या कट्ट्यावर तिची एकुलती एक कुंडी होती. निळसर राखी रंगाचं, दगडात कोरलेल्या गुलाबासारखं झाड. नर्सरीवाल्यानं नाव सांगितलं होतं, ते आम्ही दोघंही रस्त्यातच विसरलो. ती त्याला नुसतं “निळं” म्हणायची. अण्णा रोज सकाळी दुधाला जाताना त्या खिडकीवरून जात. तिला झाडांचं वेड नव्हतं, एका झाडावर तिचं भागलं होतं. पण दोन गोष्टी मला तेव्हाही जराशा चमत्कारिक वाटल्या होत्या. एक म्हणजे, अधूनमधून त्या कट्ट्यावर कुंडीबाहेर एखादं पान नुसतं पडलेलं असे. एकदा मी ते झटकायला गेलो तर ती म्हणाली, “असू द्या. जाईल ते.” दुसरी अशी, की सकाळी खिडकीशी पेपर वाचत बसलेली ती मध्येच उठून आत जाई, आणि मी विचारलं तर सांगे, दूध उतू चाललं होतं. आमच्याकडे दूध फारच उतू जातं असं माझं मत झालं होतं. शेगडी मात्र कायम स्वच्छ असे.

गेल्या दसऱ्यानंतर आठवडाभराच्या आजारात विजया गेली.

त्यानंतरच्या तेरा दिवसांत जे घडलं ते बहुधा सोलापुरातच घडू शकतं. माणसं भेटायला येत. येणाऱ्याला पाणी द्यायचं. तो दोन घोट घेणार आणि पेला हातात धरून गप्प बसणार, कारण बोलायचं काय हे कुणालाच कळत नाही. उठायची वेळ झाली की पेल्यात पाऊण पाणी शिल्लक. आता आमच्याकडे नळ चार-चार दिवसांनी येतो. उरलेलं पाणी मोरीत ओतायचा हात सोलापूरकराला नाही, ते झाडालाच जातं. आणि झाड घरात एकच. मंगळवेढ्याहून आलेल्या तिच्या थोरल्या वहिनीनं पहिला पेला ओतला आणि म्हणाली, “विजूचं झाड हाय, जगू दे.” तिचं पाहून पुढच्यानं ओतला. मग ती रीतच पडली. फोटोला नमस्कार, माझ्या खांद्यावर हात, निळ्याला पाणी. शेजारी, नातेवाईक, माझे कॉलेजातले लोक, तिच्या शिवणवर्गाच्या मुली, सगळ्यांनी आपापलं दुःख त्या सहा इंची कुंडीत ओतलं. ज्या झाडाला ती महिन्यातून दोनदा चमच्यानं पाणी द्यायची, त्याला तेरा दिवसांत विहीरभर पाणी मिळालं. सगळे गेल्यावर मीही माझ्या पेल्यातलं त्यातच ओतत होतो.

अण्णा त्या वेळी हुबळीला मुलीकडे गेले होते. त्यांची बायको जाऊन बारा वर्षं झाली, एकच मुलगी, ती तिकडे. ते परत आले चौदाव्या दिवशी, आणि सरळ आमच्याकडे आले. चपला काढल्या. चष्मा पुसला. मी उठून उभा राहिलो, कारण आता पुन्हा खांद्यावर हात पडणार अशी माझी तयारी होती. अण्णांनी फोटोकडे पाहिलं, मग कुंडीकडे पाहिलं, आणि चालत्या गाडीत शिरल्यासारखे खिडकीशी गेले. मातीत बोट खुपसलं.

“पाणी कुणी घातलं?”

“आलेल्यांनी,” मी म्हणालो.

“किती जण आले?”

“पुष्कळ आले, अण्णा.”

“पुष्कळ म्हंजे? आकडा सांगा की.”

मी म्हणालो, मोजले नाहीत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तेरा दिवसांत पहिल्यांदाच मला कुणीतरी रागावतंय हे जाणवलं. आणि खरं सांगतो, बरं वाटलं. बाकी सगळे मी काचेचं भांडं असल्यासारखे माझ्याशी वागत होते.

त्यांनी कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. खोड बुडापासून काळं पडलं होतं. पानाला बोट लागलं की पान गळे, उकडल्यासारखं, आरपार दिसणारं. अण्णा एकेक पान तपासत गेले आणि हळू आवाजात म्हणत गेले, रद्द, रद्द, रद्द. शेवटी टोकाशी एकच पान राहिलं, घट्ट, निळं, शाबूत. त्यावर त्यांची बोटं थांबली.

आता त्यांची खरी पंचाईत झाली. पान उघड घ्यावं तर ते मी दिल्यासारखं होणार, आणि दिलेलं पान लागत नाही. तिथंच सोडावं तर संध्याकाळपर्यंत तेही कुजणार. ते माझ्याकडे पाहू लागले. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. मला त्या दिवसांत काहीच लवकर कळत नव्हतं.

“सर,” ते म्हणाले, “पाणी आणा.”

“आत्ता तर तुम्ही म्हणालात...”

“झाडाला न्हवं. मला. प्यायला.”

मी आत गेलो. माठातून पेला भरला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी पेला हातात धरून स्वयंपाकघरात उगाच उभा राहिलो. बाहेर डब्याचं झाकण लागल्याचा बारीक आवाज आला. मी आलो तेव्हा अण्णा चपला घालून रस्त्याला लागले होते. तो पेला मी उभ्यानं पूर्ण प्यायलो. ओतायला काही उरलं नाही, आणि ओतायला झाडही नव्हतं.

यानंतरचे अडीच महिने आम्ही दोघांनी जे नाटक केलं, त्याची आठवण झाली की अजून हसू येतं. माझ्या घरातून पान चोरीला गेलं आहे हे मला माहीत नव्हतं, अशी आमची समजूत होती. त्यामुळे मी विचारू शकत नव्हतो आणि ते सांगू शकत नव्हते. सकाळी दुधाला जाताना ते खिडकीशी थांबत आणि हवेशी बोलत. “थंडी बरी हाय. कुणाकुणाला मानवंल.” मी पेपरातून मान वर न करता म्हणे, मानवायला हवी. दुसऱ्या दिवशी: “एक प्याशिंजर हाय आपल्याकडं. वेटिंगवर. लई मागं हाय नंबर, पण हाय.” मी म्हणे, कुणीतरी असेल बिचारा. “बिचारा न्हाय,” ते म्हणत, “बिचारी.” आणि पुढे जात.

मला हे कबूल करायला हवं, की त्या दिवसांत मी सकाळी उठत होतो तो एवढ्यासाठीच. पुस्तकं वाचवत नव्हती. विजया असताना ज्या ओळी मी तिला वाचून दाखवल्या असत्या, त्यांच्यापाशी येऊन मी थांबे आणि पान उलटायचं राहून जाई. पण साडेसातच्या सुमाराला गल्लीतून किटलीचा आवाज आला, की मी पेपर उघडून तयार असे. एवढं एक पान लागलं पाहिजे, बाकी काही नाही झालं तरी चालेल, असं मला वाटत होतं.

संक्रांत झाली. गड्ड्याच्या यात्रेतले पाळणे फिरू लागले. आणि अण्णा आमच्या गल्लीतून यायचे बंद झाले.

पहिले दोन दिवस वाटलं, सर्दी झाली असेल. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, अण्णा पलीकडच्या रस्त्यानं, मारुतीच्या देवळाला वळसा घालून किटली घेऊन चालले होते. ज्या माणसानं मेहुण्याला तोंडावर सांगितलं की उतर, तो माझी खिडकी चुकवून लांबच्या वाटेनं जात होता. मला कळायचं ते कळलं. तरी मी दहा दिवस घरात बसून काढले, कारण गेलो नाही तोवर ते पान वेटिंगवरच होतं.

अकराव्या दिवशी गेलो. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी कधी आत गेलो नव्हतो, नेहमी तेच आमच्याकडे यायचे. दार उघडंच होतं. अण्णा भिंग घेऊन खिडकीशी वाकलेले. मला पाहून ते दचकले, मग स्टूल पुढे केलं.

वेटिंगच्या ट्रेमध्ये एका कोपऱ्यात, बाकी पानांपासून वेगळं, ते ठेवलं होतं. वाळलेल्या मिरचीच्या सालीसारखं पातळ झालं होतं ते, करड्या रंगाचं. ते गेलं आहे हे सांगायला ग्रंथपालही पुरेसा होता. इतर पानं त्यांनी अशा अवस्थेत कधीच खाली टाकली असती.

“रद्द का नाही केलं?” मी विचारलं.

 अण्णांनी खडू इकडून तिकडे ठेवला. मी तोंड फिरवलं, आणि तेव्हा मला आतल्या खोलीच्या दारातून समोरची खिडकी दिसली. तिच्यात एक मोठी कुंडी होती, दह्याचा डबा नव्हे, चांगली मातीची कुंडी. आणि तिच्यात काठोकाठ भरून, एकाला एक बिलगून, निळे गुलाब. दहा-बारा तरी असतील. मी उठून आत गेलो. मागून अण्णा आले. 

“वहिनींचंच हाय,” ते म्हणाले. “तीन वर्षं झाली.”

“तुमचा नियम तर एक वर्षाचा.”

“व्हय. परत करायला पायजे हुतं. केलं न्हाय.” ते चष्मा पुसू लागले. “त्या दिवशी मी तुमच्याकडं आलो तवाबी सांगायला पायजे हुतं, की माझ्याकडं हाय. म्हटलं ते शेवटचं पान लागंल. लागलं की तेच तुमाला देतो, मग ह्याचं काय सांगायची गरज न्हाय. ते लागंना. मग तुमच्या दारावरनं जायाला तोंड राहिलं न्हाय.”

मी म्हणालो, ठेवलंत तर ठेवलंत, एवढं काय त्यात. अण्णांनी मान हलवली, की मला कळलेलं नाही. मग त्यांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या खिडकीतून पहिलं पान उचललं, तेव्हा विजयानं पाहिलं. गजाआडून सरळ नजरानजर झाली. अण्णांचा हात कुंडीतच राहिला. ती उठून आत गेली आणि आतून मोठ्यानं म्हणाली, दूध उतू चाललंय वाटतं. आठ दिवसांनी कट्ट्यावर कुंडीबाहेर एक पान ठेवलेलं होतं, बुडासकट नीट काढलेलं. मग कधी आठवड्यानं, कधी पंधरा दिवसांनी, पण ठेवलेलं असायचंच. कधी एका शब्दानं बोलली नाही, त्यांच्याशीही नाही आणि माझ्याशीही नाही.

“परत केलं असतं तर संपलं असतं की ते,” अण्णा म्हणाले. मग कुंडीकडेच बघत: “बत्तीस वर्षं सर, मी डब्यात शिरलो की माणसं उठून जायची. संडासात लपायची. वहिनीबी मला बघून आतच जायच्या. पण पान ठिवून जायच्या.”

मी ती स्वच्छ शेगडी आठवत उभा होतो.

अण्णांनी कुंडीच्या दोन्ही बाजूंना हात लावले, उचलायला. कुंडी जड होती, आणि ती जड आहे म्हणून ते थांबले असं मला आधी वाटलं. मग पाहिलं तर त्यांची बोटं कडेवर नुसती ठेवलेली होती. मी म्हणालो, अण्णा, राहू द्या. पण तेवढंच म्हणून कुणी स्वस्थ होणार नव्हतं, ते नाही आणि मीही नाही. माझी नजर कुंडीवरून निघत नव्हती, आणि ते पाहत होते.

त्यांनी हात काढून घेतले. धोतराला पुसले.

“बसा सर,” ते म्हणाले. “पाणी आणतो.”

ते स्वयंपाकघरात गेले. आत माठावरचं झाकण वाजलं. मग पेला पडला. मग तो विसळल्याचा आवाज आला. मग दुसरा पेला विसळल्याचा आवाज आला. मग, घरात गॅस बंद असताना, आतून मोठ्यानं आवाज आला, की दूध उतू चाललंय वाटतं.

मी आयुष्यात कधी काही चोरलं नाही. ग्रंथालयाची पेन्सिलसुद्धा निवृत्तीच्या दिवशी टेबलावर ठेवून आलो. मी त्या कुंडीतलं अगदी खालचं पान धरलं, जरासं डावीकडे वळवलं, जरासं उजवीकडे. बूड झाडालाच राहील असं वाटलं. पण पान सबंध सुटून आलं. ते मी चष्म्याच्या घरात ठेवलं आणि झाकण लावलं. आवाज झालाच.

अण्णा पाणी घेऊन आले. त्यांनी कुंडीकडे एकदा पाहिलं. त्या कुंडीत पानं किती आहेत हे त्यांना पाठ असणार. आम्ही समोरासमोर बसून आपापला पेला शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.

मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले. “चार दिवस सावलीत नुसतं...” ते म्हणू लागले, आणि एकदम गप्प झाले, कारण त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी चपला घातल्या. पायरी उतरलो.

“सर,” ते मागून म्हणाले, “असलं काय असतंय ना, त्याचा चार्ट लवकर लागत न्हाय. मधनं मधनं येऊन विचारत जावा.”

आता फाल्गुन संपत आलाय. पान आमच्या खिडकीत, बशीतल्या रेतीवर आडवं पडलेलं आहे, आणि मी त्याला एक थेंबही पाणी घातलेलं नाही. येणाऱ्याच्या हातातून मी पेला काढून घेतो. किटली पुन्हा आमच्याच गल्लीतून जाते. संध्याकाळी मी अण्णांकडे जातो, स्टुलावर बसतो आणि विचारतो. ते भिंग पुसत सांगतात, लागला न्हाय अजून. मग आम्ही चहा पितो. परवा बशीत पानाच्या बुडाशी मला काहीतरी गुलाबी दिसलं, दोऱ्याएवढं. अण्णांना मी अजून सांगितलेलं नाही.